कात्री न लावता जट कशी सोडवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूर भागात माझं छोटं पार्लर आहे. जट घेऊन माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक म्हणजे चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलेली आणि डोकंभर ड्रेडलॉक्स करून परतलेली कॉलेजची पोरं. वर्षा-दोन वर्षांनी नोकरीची मुलाखत आली की यांना माझी आठवण होते. दुसऱ्या म्हणजे संकेश्वर, हुक्केरी, गोकाक, निपाणीकडच्या बायका. पदर घट्ट ओढून बसतात, अर्धा तास पाण्यापावसाचं बोलतात आणि मग हळूच पदर सरकवतात. खालचे प्रश्न या दोघांचेही आहेत.

जट खरंच कात्रीशिवाय सुटते का?

सुटते. दहातल्या आठ-नऊ तरी पूर्ण सुटतात, हा माझा अनुभव. वेळ मात्र भरपूर जातो, आणि घाई केली की त्याच हातानं आपण केस तोडतो. सुटल्यावर केस आधीइतके दाट राहतील असं मी कुणाला सांगत नाही. ते का, ते पुढे येईल.

जट होते म्हणजे नेमकं काय होतं?

केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, कौलारू घराच्या छपरासारखे एकावर एक चढलेले. त्यांची तोंडं शेंड्याकडे असतात. तेल नाही, फणी नाही, आणि साबणानं, उन्हानं, घासण्यानं हे खवले उचकटले की शेजारशेजारचे केस एकमेकांत अडकतात. त्यात रोज गळणाऱ्या केसांची भर पडते. विंचरलं नाही की गळलेला केस खाली पडत नाही, उभ्या केसांभोवती गुंडाळून बसतो. पुढं घाम, धूळ, तेलाचा चिकटा. धनगर लोकर भिजवून, दाबून बुरणूस करतात ना, तेच डोक्यावर घडतं.

सुरुवात बहुतेक वेळा दुखण्यातून होते. टायफॉइडनं महिनाभर अंथरूण धरलं, बाळंतपणात डोक्यावरून पाणीच घेतलं नाही, घरात कुणी गेलं आणि बाईचं स्वतःकडे लक्षच राहिलं नाही. मन आजारी असतानाही असंच होतं. ‘आळशी आहे, विंचरत नाही’ असं म्हणणाऱ्या सासवा मला भेटतात. त्यांना मी आधी विचारते, ती नीट जेवते का, झोपते का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर जटेइतकीच डॉक्टरांचीही गरज आहे.

ही देवीची जट आहे. सोडवली तर यल्लम्मा कोपणार नाही का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सौंदत्तीच्या डोंगरावर माझी आजी दर मार्गशीर्षात जायची. ‘उदो गं आई उदो’ ऐकत मी मोठी झाले. तेव्हा देवीबद्दल वेडंवाकडं बोलायचा माझा इरादा नाही. पण केसात गुंता झाला की ‘आईनं बोलावलंय’ म्हणायचं, मंगळवारी-शुक्रवारी त्याला हळदकुंकू आणि भंडारा लावायचा, फणी बंद करायची, आणि मग जट वाढली की ‘बघा, देवी वाढूलालीय’ म्हणायचं, ही साखळी मी डोळ्यांनी पाहिली आहे. फणी बंद झाल्यावर जट वाढणारच. मारवाड्याच्या केसात वाढेल, मुल्लाच्या केसात वाढेल.

युरोपात पोलंड नावाचा देश आहे. तिथं शेकडो वर्षं लोकांच्या डोक्यात अशाच जटा होत्या, इतक्या की डॉक्टरी पुस्तकात जटेला आजही ‘प्लिका पोलोनिका’ म्हणतात. तिथल्या लोकांनाही हीच भीती, की कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, आजार अंगात शिरेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्राकावचे डॉक्टर योझेफ डिटल यांनी जटेच्या रोग्यांचा अभ्यास केला आणि हा रोग-बिग काही नसून न धुतलेल्या, न विंचरलेल्या केसांचा गुंता आहे हे मांडलं. तिकडे कुठली आली सौंदत्ती? तरी भीती तंतोतंत आमच्यासारखी.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी पुण्यात, सातारा-कोल्हापूरकडे शेकडो बायकांच्या जटा काढल्या आहेत. त्यांना माझा नमस्कारच. पण आमच्या भागातल्या बऱ्याच बायका कात्री पाहिली की उठून जातात. ‘सोडव बाई, कापू नको’ म्हटलं की बसतात. एका मावशीनं मला सांगितलं, ‘आईनं गुंता दिला, आईच्या लेकीनं सोडवला, त्यात कापलं कुठं?’ मला हा हिशोब पटला. मी वाद घालत नाही, फणी घेते. मात्र फसवून, झोपेत, बळजबरीनं कुणाची जट कधीही काढू नका. पुढं वर्षभरात घरात म्हैस मेली तरी ती बाई स्वतःलाच दोष देते. तिनं स्वतः ‘हो’ म्हणेपर्यंत थांबा. मी एकीसाठी सात महिने थांबले आहे.

सामान काय लागतं?

खोबरेल तेल अर्धा लिटर. घट्ट, पांढरा, साधा कंडिशनर, पूर्ण डोक्याला चारशे-पाचशे मिली सहज संपतो. महागाचा नको. बाटलीवर मागं बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम असं काही लिहिलेलं असलं की झालं. हे द्रव्य खरबडलेल्या केसाला चिकटून त्याला बुळबुळीत करतं. पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. लोखंडी शेपटीचा कंगवा, आणि ती शेपटी टोकाला बोथट हवी. रुंद दातांचा कंगवा. क्रोशाची सुई असेल तर उत्तम. केस बांधायला रबर, जुनी सुती साडी, आणि खाली पसरायला पेपर. दाभण वापरू नका, टाळूत शिरतं.

सगळं मिळून फार खर्च येत नाही.

प्रत्यक्ष सोडवायची कशी?

आदल्या रात्री जट कोमट खोबरेलात भिजवा. कोमट म्हणजे बोट सहज बुडवता येईल एवढंच. वरवर चोपडून उपयोग नाही, दाबून दाबून तेल आत मुरवायचं. भंडारा भरलेली जट असेल तर पिवळा राप सुटून येतो, तो कापडानं टिपून घ्या आणि पुन्हा तेल लावा. डोक्याला जुनं फडकं बांधून झोपवा.

सकाळी एक भाग कंडिशनर, तीन भाग पाणी असं मिसळून बाटलीत भरा. जटेचं टोक त्यानं ओलं करा, वर घट्ट कंडिशनर चोळा, दहा मिनिटं थांबा. सगळी जट एकदम भिजवायची नाही, आज जेवढं सोडवणार तेवढंच. ओला केस ताणला जातो आणि कोरड्यापेक्षा लवकर तुटतो, हे लक्षात ठेवा.

आता महत्त्वाचं. सुरुवात शेंड्याकडून. टाळूकडून कधीच नाही. वरून फणी घातली तर वरचे गुंते खाली ढकलले जाऊन खाली दगड होतो. शेवटचं बोटभर टोक घ्या, आणि त्याच्या जरा वर डाव्या हातानं जट घट्ट धरा, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जाणार नाही. उजव्या हातानं कंगव्याची शेपटी टोकात खुपसा आणि एकेक बट बाहेर काढा. ओढायचं नाही, उचलायचं. लिंबाच्या काड्या पेंढीतून काढतो तसं. दोन-चार बटा मोकळ्या झाल्या की बोटांनी जट मधून फाडल्यासारखी दोन भागांत करता येते का बघा. जिथं फाटते तिथं फाटू द्या. जिथं अडते तिथं कंडिशनर आणि शेपटी. मोकळा झालेला भाग रुंद कंगव्यानं विंचरा आणि लगेच सैल वेणी घालून रबर लावा. हे विसरलात तर मोकळे केस शेजारच्या जटेत जाऊन पुन्हा अडकतात. माझं एकदा अख्खं दुपारभराचं काम असं गेलं.

मग पुढचं बोटभर. असं वर सरकत जायचं. टाळूजवळचे शेवटचे दोन-तीन बोट बहुधा सोपे जातात, कारण ते केस नवे असतात. मधला भाग सगळ्यात छळतो. तिथं चहा घ्या.

सलग तीन तासांपेक्षा जास्त बसू नका. जिच्या डोक्यावर काम चाललंय तिची मान आणि जी करतेय तिची बोटं, दोन्ही भरून येतात. उठताना उरलेली जट पंख्याखाली नीट वाळवा. ओलीच गुंडाळून ठेवली की आत कुबट वास धरतो आणि केस कुजल्यासारखे तुटतात.

सगळं सुटल्यावरच शाम्पू. कोमट पाणी, हलका हात, केस उभे धरून वरून खाली. मग पुन्हा कंडिशनर.

आधी शाम्पूनं स्वच्छ धुऊन मग सोडवलं तर?

नको. ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका मुलीची जट घाण होती म्हणून मी ती कडक पाण्यानं आणि शाम्पूनं खसाखसा चोळून धुतली. वाळल्यावर ती लाकडासारखी झाली. गरम पाणी, साबण आणि चोळणं या तिन्हींनीच तर लोकरीचा बुरणूस होतो. त्या पोरीच्या केसांचा बराच भाग शेवटी कापावा लागला. तिची आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

गोव्यात ड्रेडलॉक्सना मेण लावलं होतं. ते कसं काढायचं?

मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. तेवढं गरम पाणी डोक्यावर घेतलं तर टाळू भाजेल. म्हणून गरम पाण्याचा नाद सोडा. मेण तेलात विरघळतं. खोबरेल चोळा, तासभर ठेवा, जुन्या सुती कापडानं दाबून पुसा, पुन्हा तेल, पुन्हा पुसा. कापडाला चिकट येणं थांबलं की वर सांगितल्याप्रमाणे कंडिशनरनं सुरुवात करा. इथं कापडच खरं काम करतं, त्यामुळे चार-पाच फडकी जवळ ठेवा. पोरांनो, आईची चांगली साडी घेऊ नका.

लोकर किंवा खोटे केस विणलेले असतील तर आधी ते कुठून सुरू होतात ते बोटांनी चाचपा. खोटे केस कापले तरी चालतात, पण खरे कुठले ते कळल्याशिवाय कात्री उचलू नका. आणि ज्यांना लांबीचं काही वाटत नाही अशा मुलांनी शेंड्याकडचे चार बोट सरळ कापून टाकावेत. सगळ्यात जुना भाग तोच असतो. अर्धं काम वाचतं.

किती वेळ लागतो?

अंगठ्याएवढी जाड, वर्षभराची एक ड्रेडलॉक पाऊण ते एक तास घेते. डोक्यावर तीस-चाळीस असतील तर गणित तुम्हीच करा आणि दोन मैत्रिणी बोलवा. दहा वर्षांची, मनगटाएवढी एकच देवीची जट आम्ही दोघींनी चार दिवसांत सोडवली होती. आठ-पंधरा दिवसांचा ताजा गुंता अर्ध्या तासात जातो. म्हणून पुन्हा पुन्हा सांगते, ताजा असतानाच हात घाला.

सोडवताना एवढे केस हातात आले! टक्कल पडणार का?

ही भीती प्रत्येकीला वाटते, आणि मधेच काम थांबतं ते याच भीतीपायी. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले ५० ते १०० रोज आपोआप गळतात. वर्षाला अठरा हजार ते साडेछत्तीस हजार. एरवी ते फणीत, न्हाणीघरात, उशीवर पडतात आणि आपण पाहतही नाही. जटेत मात्र ते सगळे साठून राहतात. तीन वर्षांची जट सोडवली की तीन वर्षांचं गुंतवळ एका दुपारी समोर येतं. ते केस कधीच गळून गेले होते, आज फक्त दिसले.

खरं नुकसान ओळखायचं असेल तर केसाचं टोक पाहा. मुळाशी बारीक पांढरा गोळा असेल तर तो नैसर्गिक गळलेला. दोन्ही टोकं नुसती तुटलेली आणि केस आखूड, असं फार दिसू लागलं तर तुमचा हात जड पडतोय, कंडिशनर वाढवा.

जटेच्या वजनानं वर्षानुवर्षं ओढ बसून कपाळाच्या कडेला केस विरळ झालेले असतात. ते काहींचे परत येतात, काहींचे येत नाहीत. नवे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, तेव्हा आरशात रोज मोजू नका.

आत उवा निघाल्या तर?

निघतातच. घाबरायचं नाही, आणि रॉकेल तर अजिबात लावायचं नाही. खेड्यात अजून लावतात. त्यानं टाळू भाजते, आणि शेजारी चूल असली तर जीवच जातो. औषधाच्या दुकानात उवांसाठी एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. धुतलेल्या ओलसर केसांना लावून दहा मिनिटांनी धुवायचं आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण लिखांतून नव्या उवा बाहेर पडतात. पण घट्ट जटेच्या आत औषध पोचत नाही. आधी जट सोडवा, मग औषध. अंगावर पिणारं बाळ असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा.

टाळूला जखम आहे, पू येतो, वास येतो.

मग घरी काही करू नका. जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. जखमेत अळ्या पडलेल्या मी एकदा पाहिल्या आहेत. लहान मुलांच्या डोक्यात गोल चट्टे आणि तिथले केस तुटलेले दिसले तर तो नायटा असू शकतो. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात.

पाणी बोरचं आहे. फरक पडतो का?

थोडा पडतो. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, ते बरं. खेड्यातल्या बोरच्या जड पाण्यात फेस होत नाही आणि केस खरबरीत राहतात. शेवटचं एक तांब्या पाणी विहिरीचं किंवा पावसाचं घ्या. खानापूरकडच्यांनी यात काय ते समजून घ्यावं, त्यांच्याकडे पावसाची ददात नाही.

लहान मुलीच्या केसात जट दिसली. घरचे म्हणतात, देवीला सोडायचं.

त्याच दिवशी तेल लावा आणि सोडवा. लहान मुलीचे केस मऊ असतात, बहुतेक वेळा मानेवरचा, उशीला घासणारा तो गुंता असतो. अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासावर एका पोरीचं आयुष्य ठरल्याची उदाहरणं आमच्या भागात आहेत, माझ्या आजीच्या पिढीत तर घराघरात.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा, १९३४ सालीच, देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा झाला होता. कर्नाटकाचा स्वतःचा कायदा १९८२ साली आला. मुलीला देवाला सोडणं, त्या विधीत भाग घेणं, मदत करणं, सगळाच गुन्हा. १९८२ च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. आणि आईबाप किंवा पालकांनीच सोडलं असेल तर दोन ते पाच वर्षं होती. मुलीची संमती होती हे कारण चालत नाही. असं कुठं घडणार असल्याचं कळलं तर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या नंबरवर फोन करा.

कात्री लावावीच लागते, असं कधी होतं?

टाळूला चिकटून जखम झाली असेल तेव्हा. केस आतून कुजून हाताला पेंढ्यासारखे तुटत असतील तेव्हा. बाई फार अशक्त असेल, तासन्‌तास बसणं झेपणार नसेल तेव्हा. आणि ‘अक्का, कापूनच टाक की गे, कंटाळले’ असं ती स्वतःच म्हणाली तर. तेव्हाही उभी चीर द्या, आडवी नको. जटेच्या लांबीच्या दिशेनं दोन-तीन चिरा दिल्या की ती आतून उघडते आणि बरीच लांबी वाचते.

पुन्हा जट येऊ नये म्हणून?

रोज फणी. रात्री सैल वेणी. सुती उशी टोचत असेल तर वर जुनं रेशमी कापड घाला. आठवड्यातून दोनदा तेल. पहिले दोन महिने केस फार रुसतात, फणी अडकते, तेव्हा थोडा कंडिशनर धुऊन न टाकता तसाच केसात राहू द्या. आणि बाई आजारी पडली तर औषधपाण्याबरोबर तिची वेणी घालायचं काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्या. नवऱ्यानं घेतलं तरी चालतं, वेणी घालायला काही शाळा लागत नाही.

निघालेल्या गुंतवळाचं काय करायचं?

तुमचं तुम्ही ठरवा. काहीजणी झाडाच्या बुंध्याशी पुरतात, केस कुजून मातीत जातात. काहीजणींना ते डोंगरावर आईच्या पायाशी न्यायचं असतं. न्या, पण सौंदत्तीजवळच्या जोगुळभावीच्या कुंडात किंवा मलप्रभा नदीत टाकू नका, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच. पूर्वी केसांवर भांडी देणाऱ्या बाया यायच्या. एकीनं तिच्या बारा वर्षांच्या जटेचं गुंतवळ देऊन स्टीलचा डबा घेतला आणि त्यात आता भंडारा ठेवते. मला दाखवायला मुद्दाम घेऊन आली होती.

तुम्ही घरी येऊन सोडवाल का?

लांबच्या गावी जमत नाही. बेळगावात यायचं असेल तर रविवार सोडून या, जेवणाचा डबा आणा, सोबत एक बाई आणा जिला तुमच्या घरी गेल्यावर रोज तुमचे केस विंचरता येतील. मंगळवार-शुक्रवारी जटेला हात लावू देत नाही असं म्हणणाऱ्यांनी बुधवारी यावं, माझी हरकत नाही. आदल्या रात्री तेल लावूनच निघा. बसमध्ये सीटला डाग पडतो, पदर घ्या.